उघडला, अडला की बधिर झाला? निकोटिनिक रिसेप्टर आणि माझा दीड महिना

नेट किंवा गेटची तयारी करताना एक तक्ता तुम्ही नक्की पाठ केला असेल. निकोटिनिक रिसेप्टर: ॲगोनिस्ट निकोटीन, ॲन्टॅगोनिस्ट क्युरारे. मस्करिनिक रिसेप्टर: ॲगोनिस्ट मस्करीन, ॲन्टॅगोनिस्ट ॲट्रोपिन. शेजारी कुलूप-किल्लीचं चित्र. एक किल्ली कुलूप उघडते, दुसरी आत जाऊन अडकते.

हा तक्ता चुकीचा नाही. परीक्षेत तोच लिहा, मार्क मिळतील. पण प्रयोगशाळेत गेल्यावर तो तुम्हाला फसवू शकतो, आणि कसा फसवतो ते मी स्वतःच्या खर्चाने शिकले आहे.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी मानवी अल्फा-४ बीटा-२ रिसेप्टर असलेल्या पेशींवर पॅच क्लॅम्प करत होते. पेशीचा व्होल्टेज उणे ७० मिलीव्होल्टवर धरून ठेवायचा, दर दोन मिनिटांनी एक सेकंद ॲसिटिलकोलिन द्यायचं आणि आत येणारा प्रवाह मोजायचा. मग माझा रेणू तीन मिनिटं पेशीवरून वाहू द्यायचा, आणि त्याच्या उपस्थितीत पुन्हा ॲसिटिलकोलिन. आधी ९०० पिकोअँपियर येत होते, रेणूनंतर ३००. धुऊन काढलं की थोड्या वेळाने प्रवाह पूर्ववत. मी वहीत लिहिलं, 'रिव्हर्सिबल ॲन्टॅगोनिस्ट'. असं दीड महिना लिहीत राहिले. वेगवेगळ्या संहती, नीट वक्र, सुंदर आयसी-५०.

लॅब मीटिंगमध्ये एका सीनिअर ताईने विचारलं, "अगं, पण नुसता तुझा रेणू टाकलास तेव्हा काय दिसलं?"

मला उत्तर देता येईना. कारण माझं रेकॉर्डिंग ॲसिटिलकोलिन देण्याच्या पाच सेकंद आधी सुरू व्हायचं. रेणू एकटा असतानाची ती तीन मिनिटं मी कधी नोंदवलीच नव्हती. फाइल मोठी होते म्हणून!

ती तीन मिनिटं का महत्त्वाची, हे कळायला रिसेप्टरकडे जरा सावकाश बघावं लागेल.

कुलूप नव्हे, तीन अवस्थांमध्ये फिरणारं यंत्र

निकोटिनिक रिसेप्टर म्हणजे पाच प्रथिन-उपएककांचा गोल घोळका. पाच जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले की मधे जी पोकळी उरते, तोच आयनांचा मार्ग. चेतापेशींमध्ये अल्फा आणि बीटा उपएककांची वेगवेगळी मिश्रणं सापडतात. मेंदूत सर्वाधिक बोलबाला दोघांचा: अल्फा-४ आणि बीटा-२ मिळून झालेला, आणि पाचही अल्फा-७ असलेला. स्वायत्त मज्जासंस्थेच्या गँग्लिऑनमध्ये अल्फा-३ बीटा-४ महत्त्वाचा. स्नायूवरचा रिसेप्टर या सगळ्यांचा चुलतभाऊ, पण त्याच्या सवयी निराळ्या.

ॲसिटिलकोलिन बसतं ती जागा पोकळीत नसते. ती पेशीबाहेरच्या भागात, दोन शेजारी उपएककांच्या सांध्यात असते. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे उपयोगी पडेल. सांध्यातल्या खाचेला ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन यांची अस्तरं असतात आणि वरून एक लवचीक फास, ज्याला 'लूप सी' म्हणतात. ॲगोनिस्ट आत बसला की हा फास त्याच्यावर मिटतो, त्या हालचालीने सगळी रचना किंचित पिळली जाते आणि खाली पटलातला दरवाजा उघडतो. सोडियम आत येतं, थोडं कॅल्शियम येतं (अल्फा-७ मधून बरंच), पोटॅशियम बाहेर जातं. मोठ्या आकाराचे ॲन्टॅगोनिस्ट त्याच खाचेत बसतात, पण फास मिटू देत नाहीत. दारात पाय घालून उभं राहावं तसं.

म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या झाल्या: बसणं आणि उघडणं. हा फरक देल कास्तियो आणि काट्झ यांनी १९५७ मध्ये मांडला. औषध किती घट्ट बसतं ही एक बाब, आणि बसल्यावर रिसेप्टरला उघडण्याकडे किती ढकलतं ही दुसरी. पूर्ण ॲगोनिस्ट भरपूर ढकलतो, पार्शल ॲगोनिस्ट थोडं, ॲन्टॅगोनिस्ट अजिबात नाही.

त्याच वर्षी काट्झ आणि थेस्लेफ यांनी आणखी एक अवस्था पुढे आणली, आणि माझा घोटाळा तिथेच होता. ॲगोनिस्ट बराच वेळ लावून ठेवला तर दरवाजा पुन्हा बंद होतो. औषध बसलेलंच आहे, घट्ट बसलेलं आहे, पण वाहिनी बंद. याला डिसेन्सिटायझेशन म्हणतात. मी 'बधिर होणं' म्हणते. गंमत म्हणजे बधिर अवस्थेतला रिसेप्टर ॲगोनिस्टला विश्रांतीच्या अवस्थेपेक्षा कितीतरी घट्ट धरतो. त्यामुळे अगदी कमी संहतीचा ॲगोनिस्ट, जो डोळ्यांना दिसेल इतके दरवाजे एका वेळी उघडत नाही, तोही हळूहळू एकेक रिसेप्टर बधिर अवस्थेत नेऊन ठेवू शकतो.

आता माझी तीन मिनिटं आठवा.

ब्लॉक म्हणजे नक्की काय?

प्रवाह कमी झाला, एवढंच निरीक्षण असेल तर त्यामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली, पाठ्यपुस्तकातली: औषध ॲसिटिलकोलिनच्याच खाचेत बसून त्याची जागा अडवतं. डायहायड्रो-बीटा-एरिथ्रॉइडिन, मिथाइललायकॅकोनिटिन, क्युरारेतलं ट्यूबोक्युरारिन ही त्यातली नावं. ॲसिटिलकोलिन वाढवलं की ते औषधाला हुसकावतं, म्हणून वक्र उजवीकडे सरकतो आणि वरची पातळी तशीच राहते. इथे परीक्षेत न येणारी एक अडचण सांगते. हा नियम सगळं समतोलात पोचलंय असं धरून चालतो. निकोटिनिक रिसेप्टरचा प्रवाह मात्र काही मिलीसेकंदांत शिखर गाठतो आणि लगेच बधिरपणा सुरू होतो. तेवढ्या वेळात ॲन्टॅगोनिस्ट सुटून जागा मोकळी करत नसेल, तर तुम्ही कितीही ॲसिटिलकोलिन ओता, शिखर खालीच राहणार. अल्फा-बंगॅरोटॉक्सिन हे याचं टोकाचं उदाहरण. मण्यारच्या कुळातल्या सापाचं हे विष ॲसिटिलकोलिनच्याच जागी बसतं, पण इतकं हळू सुटतं की आलेखात ते स्पर्धा करणारं दिसतच नाही. तेव्हा वरची पातळी खाली आली म्हणून लगेच 'नॉन-कॉम्पिटिटिव्ह' लिहू नका. आकृती सांगते की स्पर्धा दिसली नाही. जागा कोणती, हे ती सांगत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बूच. औषध खाचेला हातही लावत नाही, सरळ मधल्या पोकळीत शिरून मार्ग बंद करतं. त्यासाठी आधी दरवाजा उघडायला हवा, म्हणून जितकं जास्त ॲसिटिलकोलिन तितका जास्त ब्लॉक. पहिल्या प्रकाराच्या बरोबर उलट! मेकामायलामिन आणि हेक्सामिथोनियम ही ठळक नावं. १९४८ मध्ये पेटन आणि झैमिस यांनी दाखवलं की दोन धनभारित टोकांमध्ये १० कार्बनची साखळी असेल तर रेणू स्नायूला लुळं करतो, आणि ६ कार्बनची असेल तर गँग्लिऑनला अडवतो. त्या ६ कार्बनवाल्यातून रक्तदाबावरचं सुरुवातीच्या काळातलं एक औषध आलं. हेक्सामिथोनियमवर कायमचा धनभार असल्याने ते मेंदूत जवळजवळ जात नाही, मेकामायलामिन जातं. म्हणून प्राण्याच्या वर्तनात मेंदूचा वाटा वेगळा काढायला ही जोडी आजही वापरतात.

बूच धनभारित असेल तर पेशीच्या आतला ऋण व्होल्टेज त्याला आत ओढतो. म्हणून पुस्तकात चाचणी दिलेली असते: उणे आणि अधिक व्होल्टेजवर ब्लॉक तोलून बघा. मीही उत्साहाने अधिक ४० मिलीव्होल्टवर गेले आणि पडद्यावर सपाट रेषा. चेतापेशींतले निकोटिनिक रिसेप्टर अधिक व्होल्टेजला प्रवाह जाऊच देत नाहीत म्हटलं तरी चालेल, कारण पेशीच्या आतले पॉलिअमाइन त्यांना आतल्या बाजूने बुजवतात. तोलायला तिथे काही उरतच नाही. उणे ५० आणि उणे १०० यांची तुलना करा.

आणि हो, बूच होण्यासाठी बाहेरचं औषधच लागतं असं नाही. मिलिमोलारच्या घरात गेलं की ॲसिटिलकोलिन स्वतःच पोकळीत अडकायला लागतं. एकच रेणू खाचेत बसून दरवाजा उघडतोय आणि पोकळीत बसून बंद करतोय. धुतल्याबरोबर पोकळीतले रेणू आधी सुटतात, खाचेतले नंतर, आणि प्रवाह खाली जाण्याऐवजी क्षणभर उसळी मारतो. ही उसळी तुमच्या आलेखात दिसली तर ती आवाज म्हणून छाटू नका. वरच्या संहतींना तुमचा वक्र का वाकतोय, याचं उत्तर तिथे आहे.

तिसरी गोष्ट, बधिर करणं. इथे 'ॲन्टॅगोनिस्ट' मुळात ॲगोनिस्टच असतो.

निकोटीनने हे आधीच सांगितलं होतं

खरं तर हा गोंधळ या विषयाच्या जन्मापासून आहे. केंब्रिजमध्ये लँग्ली आणि डिकिन्सन यांनी १८८९ मध्ये मानेतल्या गँग्लिऑनवर निकोटीनचा द्राव ब्रशने लावला. त्यानंतर गँग्लिऑनच्या अलीकडची नस उत्तेजित केली तर बाहुलीवर परिणाम होईना. पलीकडची केली तर होत होता. म्हणजे निकोटीनने नेमका मधला सांधा अडवला होता. त्याच लँग्लींनी १९०५ मध्ये कोंबडीच्या स्नायूवर निकोटीन टाकलं तर तो आखडला आणि क्युरारेने ते आखडणं थांबलं. नस झिजून गेली तरी हे घडत होतं, म्हणून त्यांनी स्नायूतच एक 'ग्रहण करणारा पदार्थ' असला पाहिजे असं म्हटलं. रिसेप्टर या कल्पनेची ही एक सुरुवात. आता ही दोन वर्षं शेजारी ठेवा. एकात निकोटीन ब्लॉक करणारं, दुसऱ्यात चेतवणारं. आपण तक्त्यात फक्त दुसरं उतरवून घेतलं.

धूम्रपान करणाऱ्याच्या मेंदूत काय होतं हे बघितलं की हा मुद्दा कोरडा राहत नाही. सिगारेट ओढताना रक्तातलं निकोटीन साधारण १०० ते ५०० नॅनोमोलारपर्यंत चढतं. अल्फा-४ बीटा-२ जोरात उघडायला हे कमी पडतं, त्याला मायक्रोमोलारच्या आसपास लागतं. बधिर करायला मात्र बराच वेळ मिळाला तर काही दहा नॅनोमोलार पुरतात. म्हणजे पहिल्या झुरक्यांना थोडे दरवाजे उघडतात, आणि मग उरलेला दिवसभर बहुतेक रिसेप्टर निकोटीन कवटाळून बंद बसलेले. ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पेट स्कॅनवर दाखवलं की एक-दोन झुरक्यांनीच मेंदूतल्या या रिसेप्टरपैकी निम्मे सुमारे तीन तास व्यापलेले राहतात. पूर्ण सिगारेटनंतर ८८ टक्क्यांहून अधिक. लक्षात घ्या, स्कॅनला दिसतं ते 'व्यापलेलं'. उघडलेलं की बधिर, हे स्कॅन सांगत नाही.

आणि बधिर होणं म्हणजे परिणाम संपणं असंही नाही. मध्यमेंदूत डोपामिन पेशींना आवर घालणाऱ्या गाबा पेशी असतात, त्यांच्यावर अल्फा-४ बीटा-२ प्रकारचे रिसेप्टर. ते बधिर झाले की आवर सैल पडतो. डोपामिन पेशींना चेतवणाऱ्या ग्लुटामेटच्या टोकांवर अल्फा-७ असतो. हा मोठ्या संहतीला मिलीसेकंदांत बधिर होतो, पण धूम्रपानातल्या कमी संहतीला त्यामानाने शाबूत राहतो. मान्सव्हेल्डर आणि मॅकगी यांच्या गटाने २००२ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूच्या कापांवर हे दाखवलं. म्हणजे डोपामिन टिकून वाढण्यात 'ब्लॉक झालेल्या' रिसेप्टरचाही हात आहे. मला स्वतःला हा या क्षेत्रातला सगळ्यात देखणा निकाल वाटतो.

मग सिगारेट ओढणाऱ्याचे स्नायू का आखडत नाहीत? स्नायूवरच्या रिसेप्टरला निकोटीन फार कमी आवडतं. मेंदूतल्या अल्फा-४ बीटा-२ मध्ये निकोटीनचा धनभार खाचेतल्या एका ट्रिप्टोफॅनशी घट्ट जुळतो, स्नायूत तसा जुळत नाही. डॉर्टी आणि लेस्टर यांच्या गटांनी २००९ मध्ये दाखवलं की या फरकाचं मूळ खाचेजवळच्या एका जागी आहे: स्नायूत तिथे ग्लायसीन असतं, मेंदूतल्या अल्फा-४ मध्ये लायसीन. एक अमिनो आम्ल!

धनभारावरून आपल्याकडची एक गोष्ट आठवली. तंबाखूला चुना का लावतात? निकोटीनचा पीकेए ८च्या आसपास आहे. चुन्याने तोंडातला सामू वाढला की निकोटीन प्रोटॉन सोडतं, भाररहित होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून सहज रक्तात उतरतं. रक्तात सामू ७.४, तिथे सुमारे ८० टक्के निकोटीन पुन्हा भारित, आणि रिसेप्टरला हवं असतं ते हेच भारित रूप. चुना मळणाऱ्याने हेंडरसन-हॅसलबाल्क वाचलेलं नसतं, पण समीकरण बरोबर सोडवलेलं असतं. तुमच्यासाठी याचा अर्थ: निकोटीनचा द्राव करताना टार्ट्रेट घेतलंय की शुद्ध बेस हे बघा, आणि शेवटी सामू मोजा. नाहीतर तुम्ही औषधाचा नाही, सामूचा परिणाम मोजाल.

व्हॅरेनिक्लिन हे तंबाखू सोडवण्याचं औषध, २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं, याच तर्कावर उभं आहे. लॅबर्नमच्या झाडातल्या सायटिसिनवरून ते घडवलं. अल्फा-४ बीटा-२ वर ते पार्शल ॲगोनिस्ट: घट्ट बसतं, थोडंसंच उघडतं. थोडं उघडल्याने तलफ जरा शमते, आणि जागा व्यापलेली असल्याने वरून ओढलेल्या सिगारेटचा झटका बसत नाही. याला ॲगोनिस्टच्या रकान्यात लिहाल की ॲन्टॅगोनिस्टच्या? निकोटीन नसताना पहिला, निकोटीन असताना दुसरा.

परत त्या तीन मिनिटांकडे

मीटिंगनंतरच्या सोमवारी मी रेकॉर्डिंग सलग चालू ठेवून रेणू एकटा टाकला. काहीच दिसलं नाही असं आधी वाटलं. मग उभा अक्ष ताणला. रेणू पोचल्यावर बेसलाइन हळूच १५-२० पिकोअँपियर खाली उतरत होती आणि मिनिटाभरात परत वर येत होती. गळती असेल म्हणून सोडून द्यावी इतकी छोटी. पण रेषा त्या वेळात जाडही होत होती. वाहिन्या उघड-मिट करतात तेव्हा आवाज वाढतो. डायहायड्रो-बीटा-एरिथ्रॉइडिन सोबत दिलं तर ते उतरणंही गेलं आणि जाडीही. ज्या पेशींत रिसेप्टर घातलेलाच नव्हता तिथे दोन्ही नव्हतं.

मग गाईड म्हणाल्या, "आता तीन मिनिटं आधी देऊ नकोस. दोन्ही एकदम दे." रेणू आणि ॲसिटिलकोलिन एकाच क्षणी दिलं तर शिखर जवळजवळ पूर्ण ९०० आलं. खाच आधीच अडवणारा ॲन्टॅगोनिस्टही अशा वेळी कमी अडवतो, कारण त्याला बसायला वेळ मिळत नाही, तेव्हा एवढ्यावर निकाल लागत नाही. म्हणून आधी देण्याचा वेळ ५ सेकंद, २० सेकंद, १ मिनिट, ३ मिनिटं असा बदलत नेला. 'ब्लॉक' त्याच गतीने वाढत गेला ज्या गतीने तो छोटा प्रवाह विरत होता. संहती बदलली की दोन्ही गती सोबतच बदलायच्या. एका प्रक्रियेची ही दोन दर्शनं आहेत असं म्हणायला मला एवढं पुरलं.

दीड महिन्याचा डेटा फेकावा लागला नाही. आकडे खरे होते, अक्षाचं नाव खोटं होतं. 'ब्लॉक, टक्के' असं जिथे लिहिलं होतं तिथे आता 'तीन मिनिटांच्या पूर्वसंपर्कानंतर उरलेला प्रतिसाद' असं लिहिलंय, आणि आकृतीच्या पहिल्या चौकटीत ती सलग तीन मिनिटं आहेत, ताणलेल्या उभ्या अक्षासकट. फाइल खरंच मोठी होते. एक टेराबाइटची डिस्क घेतली.